घोरपडमावशींची धडधड

एका जंगलात, म्हणजे जिथे पाणी गोड होतं आणि रेंजही येत होती अशा एका जंगलात, सगुणा नावाची रानकोंबडी राहत होती.

बाळांनो, अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीला खुडूक म्हणतात. खुडूक कोंबडी उठत नाही. फारसं खात नाही. कुणी जवळ आलं तर पिसं फुलवून अंगावर येते. तिच्याशी काहीही बोला, तिचं सगळं लक्ष पोटाखाली. हसू नका. तोंडात घास आहे, ठसका लागेल.

सगुणेने घरटं केलं होतं करवंदीच्या जाळीत, अगदी आत. वरून दिसत नव्हतं, बाजूने दिसत नव्हतं. कोंबड्यालासुद्धा तिने पत्ता सांगितला नव्हता. त्याला काही कळलं की तो पहाटे उठून सगळ्या जंगलाला ओरडून सांगतो.

एकदा ती घाईघाईने ओढ्यावर पाणी प्यायला आली, तेव्हा तिला लांडोरीने गाठलं.

लांडोर ही त्या जंगलातली कोच. तिने पहाटे चालणाऱ्यांचं एक मंडळ काढलं होतं आणि प्रत्येकाच्या पायात एक पट्टा बांधला होता. पट्टा काळजाची धडधड मोजायचा. धडधड वाढली की त्याच्या काचेवरची पट्टी हिरवीची पिवळी आणि पिवळीची लाल व्हायची. कोण कुठून कुठे गेलं, ते नकाशावर काढून दाखवायचा. शिवाय बोलायचा. नकाशा सगळ्यांना दिसायचा, कारण लांडोरीचं म्हणणं असं की लपूनछपून केलेला व्यायाम अंगी लागत नाही.

"अगं सगुणे, काय ही दशा!" लांडोर म्हणाली. "बसून बसून गोणी झालीस की!"

"अंडी आहेत ना, ताई."

"अंडी सगळ्यांनाच असतात. उद्या पिल्लं धावायला लागतील, तेव्हा त्यांच्या मागे कोण धावणार?"

सगुणा चरकली. अंडी गार पडतील का, जास्त तापतील का, एकाच बाजूने भाजली जातील का, ह्या सगळ्याची काळजी तिने केली होती. धावायची काळजी करायची राहूनच गेली होती. आपल्या आणखी किती काळज्या राहून गेल्या असतील, ह्या भीतीने तिने पाय पुढे केला.

घरट्यात येऊन ती बसते न बसते तोच पट्टा म्हणाला, "फार वेळ बसलात. उठा."

सगुणा उठली. पण लांब जायची हिंमत होईना. घरट्याभोवती एक फेरी मारून ती परत बसली. थोड्या वेळाने पट्टा पुन्हा म्हणाला, "उठा." ह्या वेळी तिने जरा मोठी फेरी मारली. मग त्याहून मोठी. दरवेळी परत आली की एकेका अंड्याला गाल लावून बघायची, आपण ताप बघतो तसा.

संध्याकाळी नकाशावर काय दिसलं असेल, सांगा बरं? एक मोठा गोल. त्याच्या आत एक गोल. त्याच्या आत आणखी एक. आणि सगळ्यांच्या मधोमध एक ठिपका.

"अय्या, काय सुरेख रांगोळी काढलीस!" म्हणत लांडोरीने ती सगळ्यांना दाखवली. माकडांनी अंगठे दिले. बाकीच्यांनीही दिले असते, पण त्यांना अंगठे नव्हते.

ती रांगोळी घोरपडीनेही पाहिली.

घोरपड वयाने मोठी होती. ह्या दिवसांत रानकोंबडी कशाभोवती घुटमळते, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिने जीभ बाहेर काढली, आत घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच ती निघाली.

सगुणेच्या पट्ट्याच्या काचेवर एक नवा ठिपका सरकू लागला. त्याच्याखाली लिहिलं होतं, 'घोरपडमावशी'. ठिपका ओढ्याच्या अलीकडे आला. बाहेरच्या गोलात शिरला. मग आतल्या गोलात.

आता सगुणेने काय करावं? पळाली तर अंडी जातात. नाही पळाली तर अंडी जातात आणि तीही जाते. ती पंख पसरून तशीच बसून राहिली. छाती अशी धडधडू लागली की करवंदीची पानं हलायला लागली.

"शाब्बास!" पट्टा ओरडला. "तुम्ही लाल पट्टीत आहात! चरबी जळते आहे! असंच चालू ठेवा!"

"हळू बोल रे मेल्या!" सगुणा म्हणाली.

पण तोवर जाळीतून घोरपडीचं तोंड आत आलंच होतं.

"कोण लाल पट्टीत आहे?" घोरपडीने विचारलं.

"मी, मावशी."

"बसल्या बसल्या?"

"हो."

घोरपड मटकन खाली बसली. "काय म्हणावं नशिबाला! पोरी, मी सगळी टेकडी चढून आले. उन्हात तापले की कशीबशी पिवळ्या पट्टीपर्यंत पोचते. पुढे काही जात नाही. आमचं रक्तच थंड. आणि त्या लांडोरीचा नियम ठाऊक आहे ना? लाल पट्टी आल्याशिवाय न्याहारी नाही. परवा एक भुंगा चोरून खाल्ला, तर ह्या चहाडखोर पट्ट्याने सगळ्या मंडळाला सांगितलं. खारी अजून हसताहेत."

"अरेरे," सगुणा म्हणाली.

"न्याहारीला तुझ्याकडेच यायचं म्हणून निघाले होते," घोरपड म्हणाली. "पण आधी सांग, बसून हे कसं जमवतेस?"

"काही नाही हो. अंड्यांवर बसायचं फक्त."

"सरक. मी बसते."

सगुणेने अंड्यांकडे पाहिलं, घोरपडीच्या तोंडाकडे पाहिलं. पण पोटाखाली घेतलेली वस्तू निदान तोंडात जात नाही, एवढाच तिला आधार वाटला. ती म्हणाली, "मावशी, तुमचं पोट गार आहे. आधी कातळावर तापून या."

आणि बाळांनो, गंमत बघा. घोरपड गेली. पोट तापवून आली. अंड्यांवर अलगद बसली आणि पट्ट्याकडे बघत राहिली.

"काही होत नाही," ती म्हणाली. "पोटाला टोचतंय फक्त."

"नुसतं बसून नाही होत, मावशी. विचार करायचा."

"कसला? आम्ही बिळात अंडी घालतो, माती लोटतो आणि चालायला लागतो. मागे वळून बघत नाही."

"म्हणून तुमची पट्टी लाल होत नाही. आता बघा, डावीकडचं जरा गार लागतंय का?"

घोरपडीने अंदाज घेतला. "लागतंय खरं."

"आत काही हलतंय का?"

घोरपडीने पोट अंड्यांना आणखी टेकवलं. मग हळूच म्हणाली, "नाही गं."

"काल हलत होतं."

"मग आज का नाही हलत?" घोरपडीचा आवाज चढला. पट्टी पिवळी झाली.

"आणि समजा, आत्ता ह्या क्षणी इथे घोरपड आली तर?"

"घोरपड मीच आहे."

"दुसरी."

घोरपडीने मान गर्रकन वळवली. "कुठली दुसरी? ती टेकडीपलीकडची? येईल! ती नक्की येईल! ती सटवी कुणाचं काही शिल्लक ठेवत नाही! आणि तू इथे दार उघडं टाकून रांगोळ्या काढत बसलीस?"

"शाब्बास!" घोरपडीचा पट्टा ओरडला. "लाल पट्टी! आता न्याहारी करायला हरकत नाही!"

घोरपड अंड्यांवरून उठली. वळली. तिने तोंड खाली नेलं. सगुणेने डोळे मिटून घेतले. तिला घोरपडीच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता. मग कान लावून ऐकल्यासारखी शांतता. मग पुन्हा श्वास.

"आत्ता नको," घोरपड म्हणाली. "डावीकडचं हलेपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही."

दुसऱ्या दिवशी घोरपड उजाडताच आली. तिसऱ्या दिवशी त्याच्याही आधी आली. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही," म्हणाली. सगुणेला फिरायला पाठवून स्वतः बसू लागली. येताना सूचना घेऊन यायची. तू नीट बसत नाहीस. तुझे पाय किती गार! कुशी बदलतेस का त्यांची? दुसरी घोरपड एकदा खरंच आली होती, तर हिने तिला शेपटीने असं झोडपलं की ती टेकडी सोडून गेली.

मग एके दिवशी अंडी फुटली. डावीकडचं सगळ्यात शेवटी फुटलं. तोवर घोरपडीने तीन वेळा जीभ चावली होती. ओली, वेडीवाकडी पिल्लं बाहेर आली आणि वाळली तशी चारी दिशांना पळाली.

त्यांच्या मागे कोण धावलं असेल?

"काट्यात जाऊ नका! ए बारक्या, तोंडात काय घातलंस? थुंक! थुंक आधी! सावलीत कोण गेलं? सर्दी होईल!"

महिन्याअखेरीस मंडळात घोरपड पहिली आली. सडपातळ झाली होती. डोळे खोल गेले होते. बक्षीस घ्यायला गेली तेव्हा पाठीवर दोन पिल्लं होती आणि भाषण करायला तिला वेळ नव्हता.

लांडोर तरातरा सगुणेकडे आली. सगुणा करवंदीखाली मान पंखात खुपसून पडली होती.

"सगुणे, तू तळाला गेलीस! तुझी पट्टी बघ, झोपल्यासारखी."

"झोपलेच होते, ताई."

"आणि पिल्लं?"

"मावशींकडे."

"घोरपडीकडे?" लांडोर किंचाळली. "पोरं घोरपडीकडे देऊन तू खुशाल झोपतेस? कसली आई गं तू?"

सगुणेने विचार केला. हा प्रश्न तिने स्वतःला पुष्कळदा विचारला होता, पण पूर्ण झोप झाल्यावर कधीच नाही.

"कुणास ठाऊक, ताई," ती म्हणाली. "पण एकही कमी झालेलं नाही. मी रोज मोजते. मी मोजायच्या आधी मावशी मोजतात."

लांडोरीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग पट्ट्यावर पंख झाकून घेतला आणि आवाज अगदी खाली आणला.

"मावशी संध्याकाळच्या मोकळ्या असतात का गं?"

तात्पर्य: आपल्या पिल्लांवर टपलेल्याला हाकलू नये. पिल्लं त्याच्याकडेच सांभाळायला द्यावीत. चार दिवसांत त्याची भूक मरते.