पेजवाल्याची बोझो

शेरिने नावाच्या मेजवानीची पाळी घरावर आली आणि शायलोबेकची झोप उडाली. हिवाळाभर गावातले एका वयाचे सगळे आळीपाळीने एकमेकांकडे जमत. ज्याची पाळी त्याने मटण शिजवायचं आणि वरीची बोझो, म्हणजे घरची बिअर, पाजायची. गेल्या वर्षी शायलोकडची बोझो आंबलीच नव्हती. त्यांच्यातल्या कुबातने पहिला घोट घेऊन अगदी काळजीने विचारलं होतं, "शायलो, घरात आजारी कोण आहे? ही पेज कुणासाठी केलीस?"

तेव्हापासून तो पेजवाला झाला. मेंढ्यांना लस टोचायला गेला तरी लोक म्हणत, "पेजवाला डॉक्टर आला." तो वरवर हसायचा, पण ते त्याला फार लागायचं. यंदाही फजिती झाली तर हे नाव नातवंडांनाही चिकटणार होतं.

यंदा त्याची बायको बुरूल हिने वरीचं पीठ शिजवून, निववून, त्यात मोड आलेल्या गव्हाचं पीठ कालवलं आणि सगळं दुधाच्या मोठ्या कॅनमध्ये ओतलं. "आता कुणीही हात लावायचा नाही," तिने बजावलं.

सकाळी शायलोने कॅनला कान लावला. आत सामसूम. त्याने गुपचूप आणखी ओंजळभर गव्हाचं पीठ टाकलं. तो गेल्यावर त्याची आई, सुयुम आपा, आली. सुनेच्या हाताला गुण नाही असं तिचं जुनं मत. तिने शेजारणीकडून आणलेला बोझोचा आंबट गाळ ओतला. मग खुद्द बुरूललाच धीर धरवेना. तिने कॅन चुलीजवळ ओढला आणि नवऱ्याच्या मेंढीच्या कातड्याच्या कोटात गुंडाळला. शेवटी शायलो पुन्हा आला, आणि बोझोचा जोर उगाच बाहेर जायला नको म्हणून त्याने झाकणाची कडी घट्ट लावून टाकली.

दुपारी अंगणात घोडे खिंकाळले आणि घरात कॅन फुसफुसायला लागला. झाकण फुगलं होतं.

"कडी कुणी लावली?" बुरूलने विचारलं.

"चुलीजवळ कुणी ठेवला?" शायलोने उलट विचारलं.

"भांडू नका, पाहुणे आलेत," आपा म्हणाली. "सरका, मी काढते कडी. माझं जगून झालंय."

आईला पुढे करणं शायलोला बरं दिसेना. त्याने डोळे मिटून लांबूनच सळईने कडी उडवली. झाकण छताला लागलं आणि त्यामागून बोझो. रजयांची चळत, भिंतीवरचा गालिचा, आपाचा रुमाल, काही सुटलं नाही. नेमका त्याच वेळी कुबात दार उघडून आत येत होता. पेज प्यायला म्हणून त्याने मुद्दाम घरून चमचा आणला होता. त्याच्या कोल्ह्याच्या टोपीवरून बोझो मिशांत उतरली.

शायलोच्या डोळ्यांत पाणी आलं. कुबातने मिशी चाटली. मग पुन्हा एकदा, सावकाश चाटली.

"शायलो," तो म्हणाला, "गेल्या वर्षी तुझी बोझो झोपून होती. यंदा स्वतः दारापर्यंत घ्यायला आली की रे."

कॅनच्या तळाशी थोडी उरली होती. वाटी बुडेना, म्हणून कुबातने बाही सारून चमचा घातला. मागून कुणीतरी म्हणालं, "एकटाच ओरपू नकोस, चमचा इकडे दे." तो चमचा घरभर फिरला.

"नियम म्हणजे नियम," कुबात तळ खरवडत म्हणाला. "बोझो कमी पडली की पाळी पुन्हा त्याच घरात. पुढच्या शुक्रवारी इथेच. आणि बुरूल, अगदी अशीच कर. काय काय घातलंस?"

बुरूलने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने आईकडे पाहिलं. आपा रुमाल पिळू लागली.

जाताना कुबातने चमचा मागितला.

"राहू दे इथेच," बुरूल म्हणाली. "शुक्रवारी छत खरवडायला लागेल."