देणगीच्या कपाटाचं नशीब फळफळलं

मोठ्या बाई वाचनालयात शिरल्या त्या हातात टेप घेऊनच. त्यांनी खिडकी मोजली, भिंत मोजली आणि जाता जाता पुस्तकबाईंच्या टेबलालाही टेप लावली.

"इथे तीस टॅब बसतील," त्या म्हणाल्या.

"आणि पुस्तकं?"

"ती बसलेलीच आहेत हो वीस वर्षं. त्यांना कोण उठवतंय?"

पुस्तकबाई म्हणजे त्या प्राथमिक शाळेच्या ग्रंथपाल. नाव मुलांनी पाडलेलं, आणि आता पगारपत्रक सोडलं तर सगळीकडे तेच चालायचं. मोठ्या बाई अर्थातच मुख्याध्यापिका. त्यांनी टेप गुंडाळली आणि पर्समधून एक पत्र काढलं.

"वरून आलंय. या महिन्यापासून पुस्तकांची नोंद मशीनवर. महिनाअखेरीस अहवाल आपोआप शिक्षणाधिकारी साहेबांकडे जाणार. कोणतं पुस्तक किती मुलांनी नेलं, सगळं. आकडा बरा आला तर ठीक. नाहीतर खोली टॅबची, आणि तुम्ही ऑफिसात, हजेरीपट भरायला."

कोणत्या पोराला भुतं लागतात, कोणाला फक्त ट्रकची चित्रं, कोण पुस्तक दप्तरात टाकतं आणि कोण चावून परत आणतं, हे पुस्तकबाईंना तोंडपाठ होतं. ही खोली गेली तर वीस वर्षांतलं आपलं उरणार काय, असं त्यांना वाटलं आणि डोळ्यांत पाणी आलं. मोठ्या बाईंना वाटलं, धुळीने आलं.

मशीन तीन खोक्यांतून आलं. ते जोडायला आलेला माणूस अकरा मिनिटं थांबला. त्यातली चार बूट काढण्यात आणि घालण्यात गेली.

"पुस्तकाचं नाव भरायचं, नंबराचं स्टिकर छापायचं, पुस्तकावर चिकटवायचं," तो बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला. "मग ही बंदूक रोखायची. बीप झालं की नोंद. पालकांना मेसेज आपोआप जातो."

हात बसावा म्हणून बाईंनी सुरुवात देणगीच्या कपाटापासून केली. लोक घर आवरताना जी पुस्तकं रद्दीत टाकायला लाजतात, ती शाळेला देतात. तशी चाळीस पुस्तकं त्या कपाटात होती. 'मृत्युपत्र: आजच करा, निश्चिंत मरा', 'दुसरा संसार: सुरुवात कुठून करावी', 'मूळव्याध: पुन्हा सुखाने बसा' असा एकूण ऐवज. ती कोणी मागायला येत नसे, त्यामुळे चुकलं तरी बिघडणार नव्हतं. बाईंनी चाळीस नावं भरली, चाळीस स्टिकरांचं एक पान छापून निघालं, आणि प्रिंटरने कागद दातांखाली धरून मान टाकली. त्याच संध्याकाळी बाईंना ताप भरला.

दोन दिवसांनी त्या आल्या तेव्हा शिपाईमामा दारातच छाती काढून उभे होते.

"झालं, बाई. सोळाशेच्या सोळाशे पुस्तकांना स्टिकर."

"अहो, एवढ्या लवकर? आणि नावं?"

"मशीनला ठाऊक आहेत. कुठलंही पुस्तक दाखवा, बीप करतं."

बाईंनी तीन पुस्तकं दाखवली. तिन्हींना मशीन बीप म्हणालं आणि हिरवा दिवा लागला. पडद्यावर मुंगीच्या पायाएवढी अक्षरं उमटली, ती वाचायला चष्मा लागला असता आणि तो पर्सच्या तळाशी होता. आयतं पदरात पडलेलं काम उलटून बघायची माणसाला सवय नसते. बाईंनी मामांना चहा पाजला.

महिनाभर बीप-बीप चालली. बंदुकीचं बीप ऐकायला मिळतं म्हणून कधी न येणारी पोरंही पुस्तकं न्यायला लागली. एकच पुस्तक लागोपाठ दोघांच्या नावावर आलं तरी मशीन हटकत नसे. पहिल्याने वाचून परत केलं असणार, असं ते समजूतदारपणे धरून चालायचं.

मेसेजचं यंत्र मात्र महिना संपता संपता सुरू झालं. ज्या दिवशी झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरीतल्या एका मुलाचे आईवडील वाचनालयात आले. आई पुढे, वडील मागे. आईने मोबाइल बाईंच्या नाकासमोर धरला.

'अभिनंदन! आपल्या पाल्याने "दुसरा संसार: सुरुवात कुठून करावी" हे पुस्तक आवडीने नेले आहे. घरी चर्चा करा.'

"यांनीच पोराला आणायला सांगितलं असणार," आई म्हणाली.

"अगं, मला काय करायचंय ते पुस्तक?" वडील म्हणाले.

"तेच विचारतेय मी कालपासून!"

त्यांची समजूत घालेपर्यंत एक आजोबा काठी आपटत आले.

"माझी नात सात वर्षांची आहे. तिला माझ्या मृत्युपत्राची घाई असेल असं मला वाटत नाही. पण मेसेज वाचून सून गालात हसली, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय."

"आजोबा, तिने अस्वलाची गोष्ट नेली होती हो. हे बघा, अस्सं दुसरं अस्वल आहे..." बाईंनी अस्वल घेतलं, बीप केलं, आणि महिन्यात पहिल्यांदाच चष्मा लावून पडदा वाचला. मग हत्तीवर बंदूक रोखली. परीवर रोखली. मग त्या खुर्चीत मटकन बसल्या.

"मामा! स्टिकरं कशी काढलीत?"

"एक पान निघालं होतं की. त्याच्या एकोणचाळीस झेरॉक्स काढल्या."

"झेरॉक्स?"

"मग? शाळेत सगळं असंच होतं ना, बाई? प्रश्नपत्रिका एकच निघते. पोरं चारशे."

मशीनच्या लेखी शाळेत चाळीसच पुस्तकं होती, आणि चारशे पोरं महिनाभर त्यांच्यावर तुटून पडली होती. अहवाल थांबवावा म्हणून बाई उठल्या, तोच मोठ्या बाई धावत आल्या. इतकी वर्षं त्यांना धावताना कोणी पाहिलं नव्हतं.

"अहवाल गेला! आपण सगळ्या शाळांत पहिल्या! साहेब उद्या स्वतः येतायत!"

"पहिल्या कशा?"

"बाकीच्यांची मशीनं अजून खोक्यात आहेत."

बाईंनी झाला प्रकार सांगितला. मोठ्या बाईंचा चेहरा क्षणभर उतरला, मग कडक झाला.

"उद्या तोंडातून एक शब्द काढलात, तर ही खोली गेली म्हणून समजा."

साहेब आले. सावकाश, जपून चालत आले. हार नको म्हणाले, खुर्ची नको म्हणाले, आणि मोठ्या बाईंना म्हणाले, "मला ग्रंथपालांशी एकांतात बोलायचंय." दार लागलं. साहेबांच्या हातात अहवाल होता आणि त्यातल्या एका ओळीला लाल गोल होता. पुस्तकबाईंचा धीर सुटला. खोली जायची ती जाणारच, निदान खोटं बोलून नको, असं म्हणून त्यांनी ताप, झेरॉक्स, अस्वल, सगळं एका दमात सांगून टाकलं.

साहेब उभ्याउभ्याच ऐकत होते.

"म्हणजे ही पुस्तकं मुलांनी नेलीच नाहीत?"

"एकानेही नाही, साहेब."

"म्हणजे ती... इथेच आहेत?"

"हो, त्या कपाटात."

"सगळी?" साहेबांचा आवाज खाली आला. लाल गोलावर त्यांचं बोट होतं. बाईंनी वाकून ओळ वाचली. मग रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग उभ्या साहेबांकडे. वीस वर्षं कोणाला कोणतं पुस्तक लागतं ते ओळखण्यातच गेली होती त्यांची. कपाट उघडून त्यांनी पुस्तक काढलं आणि बंदूक हातात घेतली.

"नोंद नको!" साहेब कळवळून म्हणाले.

"नोंदीशिवाय पुस्तक बाहेर जात नाही, साहेब. नियम तुमचाच आहे. नोंद झाली की घरच्या नंबरावर मेसेज जातो."

साहेबांनी दाराकडे पाहिलं. दारापलीकडे मोठ्या बाईंच्या बांगड्या वाजत होत्या.

"तुमचं काय म्हणणं आहे?"

"माझं काहीच नाही. खोलीचं म्हणणं आहे."

पाच मिनिटांनी दार उघडलं. "टॅब तुमच्या केबिनमध्ये बसवा," साहेब मोठ्या बाईंना म्हणाले. "ही खोली पुस्तकांची आहे आणि पुस्तकांचीच राहील. आजच लेखी कळवतो."

मोठ्या बाई टेप घेऊन आपल्या केबिनकडे निघाल्या. साहेब फाइल पोटाशी घट्ट धरून पायऱ्यांपर्यंत गेले, थांबले, आणि पोचवायला आलेल्या पुस्तकबाईंना हळूच म्हणाले, "परत कधी करायचं?"

"मुलांना आठ दिवस देते," बाई म्हणाल्या. "तुम्हाला घाई नाही, साहेब. बसता आलं की आणून द्या."