फक्त दोन शब्द बोला!

"उद्याच्या बातमीत सत्काराचं एक जरी नाव सापडलं, तर नावाचा सर्वेश नाही!" सर्वेशनं संपादकांच्या टेबलावर अशी थाप मारली की चहाच सांडला.

नांदेडच्या त्या दैनिकात तो अकरा वर्षं मैफलींच्या बातम्या देत होता. दीप कोणी लावला, शाल कोणी दिली, आभार कोणी मानले, आणि शेवटची ओळ ठरलेली: 'गायनही झाले.' गाणारा गायला कसा, हे लिहायला बिचारा तडफडत होता.

संपादक माधवराव चष्म्यावरून म्हणाले, "बरं. आज दुपारी अहमदपूरला साखराबाई गाणार आहेत. संध्याकाळी सातपर्यंत गाण्यावर तीनशे शब्द पाठव. जमलं तर दर रविवारचं संगीताचं सदर तुझं. नाही जमलं, तर बाजारभाव!"

सर्वेश उड्या मारतच एसटीत चढला. साखराबाई गावोगाव भजनं गाऊन साठीला आलेल्या. त्यांच्याबद्दल आजवर कोणी एक अक्षर लिहिलं नव्हतं. ते आपण लिहिणार! दुपारी तीनला मंगल कार्यालयात तो तिसऱ्या रांगेत गुपचूप बसला, वही उघडली, आणि आयोजक संगमेश्वरअप्पांनी त्याला हेरलंच.

"अरे! नांदेडचे पत्रकार खाली? वर चला!"

"अप्पा, नको हो, मला नुसतं ऐकायचंय!"

"मग माइकजवळ चांगलं ऐकू येतंय की!"

फेटा, शाल, नारळ. झालं! पत्रकाराला फेटा आणि आपल्याला काहीच नाही, म्हणून मंडपवाला रुसला. त्याला टॉवेल-टोपी दिली तर माइकवाल्याचं तोंड फुगलं. त्याची समजूत काढेपर्यंत तबलजीचे मामा उठले. भाच्याला शाल मिळेपर्यंत ते बसेचनात. वर प्रत्येकाचं मनोगत!

"सर, आता तुमीबी बोला. फक्त दोन शब्द!"

सर्वेशची अकरा वर्षं एकदम उसळली. सत्कारांनी गाण्याचा गळा कसा घोटला, यावर तो बोलू लागला. टाळ्या! तो पेटला. शिट्ट्या! तो आणखी पेटला. चाळीस मिनिटांनी घामाघूम होऊन तो बसला, तेव्हा कार्यालयाची माणसं सहाच्या हळदीसाठी खुर्च्या उचलायला लागली होती.

साखराबाईंना उरली दहा मिनिटं. त्या गायल्या. आणि सर्वेश? त्याच्या कानाशी अप्पा यादी घेऊन बसले होते. "लिहा, निवृत्ती मंडपवाले... सटवाजीमामा... कुनी सुटाय नको, लई बोलणी बसतील मला!"

सात वाजले तेव्हा वहीत सतरा नावं होती. गाणं कुठंच नव्हतं. काय पाठवणार, कपाळ? त्यानं फोनच बंद करून टाकला. अप्पांनी मात्र फोटोसकट बातमी केव्हाच धाडली होती.

सकाळी पेपरात फेट्यातला सर्वेश चार कॉलम! 'सत्कारांच्या प्रथेवर सर्वेश यांचा घणाघात.' खाली सतरा नावं. आणि शेवटची ओळ: 'साखराबाईंचे गायनही झाले.'

तेवढ्यात साखराबाईंचा फोन. "सर, पेपरात नाव आलं माजं! जन्मात पयल्यांदा! पर मी गायले कसं, ते कुनी लिवलंच न्हाई. तुमी तर जवळच हुताव. कसं झालं ओ?"

सर्वेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सुंदर, साखराबाई! आणि तबल्याची साथ तर काय सांगू, अप्रतिम!"

"तबलजी तर शाल घेऊन मामासंगं पाचलाच गेलता, सर."

सर्वेशनं फोन ठेवला, आणि सोयाबीनचा भाव विचारायला धान्याच्या मोंढ्यात लावला.