खिडकीकडची रांग

माझा कोणत्याही विधेयकाला विरोध नाही आणि पाठिंबाही नाही. आमच्या घरात मत असण्याचं काम बायकोकडे आहे. ती निवडून आलेली आहे, मी नुसताच आलेलो आहे.

ही सभागृहात बसते. लोक तिला बाईसाहेब म्हणतात. मी पाणीपुरवठा खात्यात तक्रारी लिहून घेतो. लोक मला काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण रविवारी चर्चमध्ये मलाही एक पद आहे: मी ओळी सोडतो. म्हणजे मिस्सेत, रविवारच्या उपासनेत, ख्रिस्तप्रसादाची पातळ चकती घ्यायची वेळ आली, की मी बाकांच्या टोकाला उभा राहतो आणि हाताने खूण करतो. हा बाक उठा, तो बाक थांबा. दोन रांगा असतात. दाराकडच्या रांगेला फादर स्वतः प्रसाद देतात, खिडकीकडच्या रांगेला थोरले फादर. फादर तरुण, ताठ आणि नजरेने तीक्ष्ण. थोरले फादर चौऱ्याऐंशी वर्षांचे. त्यांना सगळे जण सारखेच दिसतात, म्हणून ते सगळ्यांनाच 'बाळ' म्हणतात. एकदा त्यांनी खांबालाही म्हटलं होतं.

तर झालं काय, गर्भपाताचा कायदा सैल करणारं विधेयक सभागृहात आलं आणि ही त्याच्या बाजूने बोलली. फादरांनी पुढच्याच रविवारी प्रवचनात सांगितलं, "जे त्या विधेयकासाठी हात वर करतील, त्यांनी ख्रिस्तप्रसादासाठी हात पुढे करू नये." नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, अख्खं चर्च मान वळवून तिसऱ्या बाकाकडे बघत होतं. (मी छताकडे बघत होतो. छताला एक ओल आलेली आहे. खात्याला कळवायला हवं.)

घरी आल्यावर सासूबाईंनी पर्स टेबलावर आपटली. "फादर काय चुकीचं बोलले? जीव तो जीव. त्यावर मतदान कसलं करता?"

"आई, मी माझ्या घरात काय करीन ते मला माहीत आहे," ही म्हणाली. "पण दुसऱ्या बाईच्या घरात पोलीस कशाला घुसवू?"

"म्हणजे मी आयुष्यभर शिकवलं ते पाण्यात!"

"तूच शिकवलंस ना, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये म्हणून?"

दोघी माझ्याकडे वळल्या. मी लगेच कुंडीला पाणी घालायला गेलो. कुंडी प्लास्टिकच्या फुलांची होती, पण आणीबाणीत एवढं बघत बसता येत नाही.

हे सगळं मी निभावून नेलं असतं. पण महिन्याभरात आमच्या धाकटीचा पहिला ख्रिस्तप्रसाद होता. वय वर्षं आठ. पांढरा फ्रॉक, हातात मेणबत्ती, आणि एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाबा, असं चालत वेदीपर्यंत जायचं. मतदान गुरुवारी आणि हा सोहळा लगेच त्या रविवारी. रात्री पांघरूण घालताना धाकटीने विचारलं, "आई, तू माझ्या शेजारी असणार ना? फादर तुला परत पाठवणार नाहीत ना?"

ही म्हणाली, "मी तुझ्या शेजारीच असणार."

आणि तिने दिवा मालवला. पोरीच्या आयुष्यातला एवढा मोठा दिवस, आणि तिच्या आईला सगळ्यांसमोर रिकाम्या हाताने परत फिरवायचं? मी मनाशी म्हटलं, गड्या, तुझ्या हातात काहीच नाही असं नाही. तुझ्या हातात रांग आहे.

बेत साधा होता. तिसरा बाक खिडकीकडे सोडायचा. थोरल्या फादरांना ही दिसणार ती 'बाळ' म्हणूनच. फक्त त्याच दिवशी वळवला तर संशय येईल, म्हणून आधीचे तीन रविवार सवय लावायची. बावीस वर्षं पाणीखात्यात काढलेल्या माणसाला हे कळायला हवं होतं की एक व्हॉल्व्ह फिरवला की भलत्याच गल्लीत पाणी चढतं.

पहिल्या रविवारी काही झालं नाही. फक्त मिस्सेनंतर दातांच्या डॉक्टरांनी मला गाठलं.

"बाईसाहेब आज खिडकीकडे?"

"हो... तिकडे जरा बरं असतं," मी म्हणालो.

"बरं म्हणजे?"

"म्हणजे तिकडे फारशी चौकशी होत नाही." (हे वाक्य माझ्या तोंडून का गेलं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.)

डॉक्टरांनी इकडे तिकडे पाहिलं आणि माझी बाही धरली. "मग मलाही तिकडेच सोडा. माझं सख्ख्या बहिणीशी अकरा वर्षं बोलणं नाही. दाराच्या रांगेत फादर असे बघतात, की दाढ ठणकायला लागते."

दुसऱ्या रविवारी निवृत्त मुख्याध्यापिकाबाई आल्या. त्या शेजाऱ्यांचं वर्तमानपत्र रोज आधी वाचून पुन्हा घडी घालून ठेवत होत्या. मग वजनकाट्यावर माल तोलणारा किराणा दुकानदार आला. त्याने कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही, पण त्या दिवसापासून मी त्याच्याकडे सामान घेत नाही. तिसऱ्या रविवारी खिडकीकडची रांग मागच्या दारातून बाहेर पडून सायकलींपर्यंत गेली होती. फादर भरलेलं पात्र हातात धरून उभे होते आणि त्यांच्यासमोर सासूबाई एकट्या. त्या प्रसाद घेऊन परत येताना माझ्या कानाशी म्हणाल्या, "जावईबापू, हे तुमचंच काम. एवढा गोंधळ दुसऱ्या कुणाला जमत नाही."

"तुमच्याच लेकीसाठी करतोय," मी कुजबुजलो.

सासूबाई थांबल्या. "पोरगी चुकलीय," त्या म्हणाल्या. "पण चारचौघांत तिची मान खाली गेली, तर मी त्या फादरांशी बोलीन." आणि रुमालाने डोळे पुसत बाकावर जाऊन बसल्या.

गुरुवारी मतदान झालं. हिने हात वर केला.

रविवारी सकाळी गाडीत धाकटीने पिशवीतून क्रीमच्या बिस्किटांचा पुडा काढला. मी तो झडप घालून काढून घेतला. "ख्रिस्तप्रसादाच्या आधी तासभर पोटात काही जाता कामा नये! नियम म्हणजे नियम!" पुडा माझ्या कोटाच्या खिशात गेला. धाकटीचा चेहरा पडला. बापाला कधी कधी कठोर व्हावं लागतं.

चर्चमध्ये मी बिल्ला लावून जागेवर उभा राहिलो. शेवटच्या बाकावर वर्तमानपत्राचा बातमीदार कॅमेरा घेऊन बसला होता. तो कशासाठी आला होता ते सांगायला नको. आणि तेवढ्यात, अगदी ऐन वेळेला, फादरांनी सूचना दिली.

"गेल्या तीन रविवारच्या गर्दीने थोरल्या फादरांचे पाय सुजले आहेत. त्यांना आज दाराजवळ खुर्ची दिली आहे, म्हणजे आटोपलं की लगेच घरी जाता येईल. खिडकीकडे मी उभा राहीन."

घाबरलो की मला स्वतःचं भान राहत नाही. हिच्या निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी तर मी मतमोजणी केंद्रावर ठेवलेले, दुसऱ्या उमेदवाराचे सामोसे संपवले होते. मी हात खिशात घालून उभा राहिलो, आणि खूण करायची वेळ येताच तिसऱ्या बाकाला दोन्ही हातांनी दार दाखवलं.

पण तीन आठवड्यांची सवय! तिसऱ्या बाकामागचे सगळे उठले ते थेट खिडकीकडे निघाले. अर्ध्यात पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की समोर फादर आहेत. मुख्याध्यापिकाबाई गर्रकन वळल्या, त्या दातांच्या डॉक्टरांवर आदळल्या, डॉक्टर वजनकाट्यावाल्यावर. "वळा, वळा!" "अहो, पाय!" "माझी मेणबत्ती!" पहिल्या प्रसादाची बारा मुलं मेणबत्त्या घेऊन मधोमध अडकली. डॉक्टरांच्या कोटावर मेण सांडलं. मी हात हलवत होतो, पण मी कुणाला कुठे पाठवतोय, ते मलाच कळेनासं झालं होतं. दाराजवळ थोरले फादर खुर्चीत बसून हसत हसत सगळ्यांनाच आशीर्वाद देत होते.

"अहो, बाजूला व्हा," ही म्हणाली.

तिने धाकटीचा हात धरला, गर्दीतून वाट काढली आणि सरळ खिडकीकडे निघाली. फादरांच्याच दिशेने. मी मागून धावलो. बातमीदार बाकावर चढला.

"ख्रिस्ताचं शरीर," फादर धाकटीला म्हणाले.

"आमेन," धाकटी इतक्या मोठ्याने म्हणाली, की छताची ओल हलली असेल.

मग ही पुढे झाली. मी डोळे मिटले आणि परत उघडले. हिने दोन्ही हात छातीवर आडवे घेतले होते आणि मान लववली होती. प्रसाद नको, फक्त आशीर्वाद हवा, त्याची ती खूण असते. फादरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. लागतो त्यापेक्षा जरा जास्तच वेळ ठेवला. धाकटीने आईचा पदर घट्ट धरला होता आणि ती हसत होती. एवढ्या अभिमानाने मी आजवर कुणाच्या शेजारी उभा राहिलो नव्हतो.

त्या भरात मी पुढे झालो आणि तोंड उघडलं.

"फादर, थांबा!" धाकटी म्हणाली. "बाबांना देऊ नका. त्यांनी माझी बिस्किटं खाल्ली."

"मी?" मी म्हणालो.

"आत्ताच! फादर, तुम्ही सूचना सांगत होतात ना, तेव्हा. मी मोजत होते."

मी खिशात हात घातला. पुडा होता. पुड्यात हवा होती.

फादर माझ्या मिशीकडे बघत राहिले. मग त्यांनी उचललेला हात सावकाश खाली घेतला. "नियम म्हणजे नियम," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी या."

तेवढ्यात कॅमेरा चमकला.

घरी आल्यावर कळलं की ही बुधवारीच फादरांकडे जाऊन आली होती. दोन तास दोघं भांडली. ती हटली नाही, तेही हटले नाहीत. शेवटी धाकटीसाठी एवढंच ठरलं, की ती शेजारी चालेल आणि आशीर्वाद घेईल. बाकीचं भांडण पुढच्या बुधवारी.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही मदत केली असती."

सोमवारी पहिल्या पानावर फोटो छापून आला. तोंड उघडलेला मी, मागे घेतलेला फादरांचा हात, आणि मिशीतलं क्रीमसुद्धा स्पष्ट. खाली छापलं होतं: 'विधेयकावरून ख्रिस्तप्रसाद नाकारला.' मुख्याध्यापिकाबाईंनी लगेच फोन करून सांगितलं, की शेजाऱ्यांच्या अंकात फोटो फारच छान आलाय.

ओळी सोडायचं काम आता सासूबाईंकडे गेलं आहे. सगळे बाक जिथल्या तिथे, शिस्तीत उठतात. तिसऱ्या बाकाची पाळी आली, की त्या धाकटीला पुढे सोडतात, लेकीच्या पाठीवरून हात फिरवतात, आणि मला मात्र बाजूला घेऊन आधी दोन्ही खिसे उलटे करायला लावतात.