भोयरकाकांची साडेसातची चूक

आमचे शेजारी भोयरकाका रोज सकाळी साडेसात वाजता विश्वाच्या जन्माबद्दल एक चूक करतात. रोज तीच. आणि तीही अशा आवाजात, की पिपरीतल्या आमच्या अख्ख्या गल्लीला ती पाठ झाली आहे.

काका बसस्टँडवर कंट्रोलर होते. सगळी नोकरी माइकसमोर गेली. निवृत्त झाल्यावर माइक सुटला, घसा राहिला. आता सकाळी अंगणात काकूंच्या हातात चहाचा कप देतात, समोर ताठ उभे राहतात आणि घोषणा सुरू. "पहिल्या दीर्घिकांतून निघालेला उजेड! भोवताल सारं धुकं! कायचं धुकं? पाण्याच्या वाफेचं!"

वाफेचं कसलं डोंबलाचं! हायड्रोजनचं. एवढं मलाही कळतं, कारण शाळेत मला विज्ञान काकूंनीच शिकवलं.

आणि गंमत म्हणजे रस्त्यात भेटले की काका अगदी बरोबर सांगतात. "हायड्रोजन म्हंजे चेकर, सुषमा. दीर्घिकेतून एक खास उजेड निघते, त्याले हा बरोब्बर धरते. पण दीर्घिकेभोवतालचा बिनधुक्याचा मोकळा बुडबुडा मोठा असला, तं चेकरपाशी पोचेपर्यंत उजेड ताणून ताणून लाल होते. मंग चेकर त्याले वळखतच नाई. गेली गाडी!"

हा बुडबुडा एकट्या दीर्घिकेच्याने होत नाही, शेजारच्या बारक्या बारक्या दीर्घिकांनीही हात लावावा लागतो, हे समजावायला त्यांनी एकदा कहरच केला. डासांसाठी धूर सोडणारी गाडी गल्लीत आली. आम्ही दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि हे टॉर्च घेऊन भर धुरात! "सुषमा, तुहा टॉर्च आण! एकटीनं नाई होत, शेजारीण पायजे!" मी वेडी, गेले. दोघंही दोन दिवस खोकत होतो.

म्हणजे माणसाला सगळं ठाऊक. मग रोज सकाळी ही वाफ कुठून येते? एके दिवशी मला राहवेना. भिंतीवरून ओरडले, "काका, वाफ नाही, हायड्रोजन!"

काका गर्रकन वळले. "तुले कोन इचारलं?"

माझ्याशी असं ते कधीच बोलले नव्हते. दिवसभर मी फुरंगटून बसले. संध्याकाळी काका स्वतःच आले. आवाज इतका बारीक, की मला पुढे सरकून ऐकावं लागलं.

"ते उत्तर तुह्यासाठी नोतं ठेवलं, पोरी."

काकूंनी जन्मात कुणाची चूक पोटात घातली नाही. मुख्याध्यापकांचं भाषण चालू असताना हात वर करून "सर, चुकलं" म्हणणारी बाई! पण मागच्या दिवाळीपासून त्या विसरायला लागल्या. आधी गॅस, मग नावं, मग आमची गल्ली.

"आता काईबी सांगतलं तं 'हो का' म्हणते," काका म्हणाले. "साऱ्या संसारात तिनं मले एकदाबी 'हो का' म्हणलं नोतं. म्हून मी रोज चुकून राह्यलो. एक दिवस तिले राहावणार नाई."

मला माझीच लाज वाटली. रडूही आलं, खोटं कशाला सांगू?

त्यानंतर साडेसातला मी तोंडाला कुलूप लावून भिंतीशी उभी राहायचे. आज तरी, आज तरी. "वाफेचं!" काका गरजायचे. "हो का," काकू म्हणायच्या.

परवा काकू तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. वाफ झाली, "हो का" झालं. काकांनी सुस्कारा टाकून गाडी पुढे काढली. "मंग त्या उजेडानं सारं धुकं जाळून टाकलं. खल्लास! काईच नाई उरलं."

ही चूक त्यांनी मुद्दाम केली नव्हती. त्यांना ते खरंच वाटत होतं. मलाही.

"जळलं नाई जी," काकू म्हणाल्या. मानही वर केली नाही. "हायड्रोजन कोठी जाईन? तेथंच हाये. अणूतले इलेक्ट्रॉन सुटले फक्त, म्हून उजेड आरपार जाते. नीट वाचत जा."

काकांचा आ वासलेला तसाच. मग ते काकूंजवळ जमिनीवरच बसले, चार शेंगा मांडीवर ओढल्या आणि सोलता सोलता हळूच म्हणाले, "अजून? अजून कोठी कोठी चुकतो मी?"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"दाणे सांडून राह्यले तुमचे."

काकांनी एकेक दाणा वेचला. सगळे वेचून झाले, आणि मग त्यांनी मूठभर पुन्हा सांडले.