बंद दाराआडचा फिल्टर

भूगोलाचे सर दर रविवारी जेवणं आटोपली, की बेडरूममधल्या एसीचा फिल्टर साफ करत. काम मोठं शिस्तीत चाले. आधी स्टूल आत जाई, मग बादली, मग जुना टूथब्रश. शेवटी नाकाला टॉवेल बांधून सर बायकोला बजावत, "दार उघडायचं नाही हं. धूळ उडते." आतून कडी लागे, एसी सुरू होई आणि सर पलंगावर आडवे होत ते तासाभरानंच उठत.

एसी घेतल्यापासून सरांनी फिल्टरला हात लावला नव्हता. तो नेमका कुठे असतो, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. पण पकडणार कोण? बाहेर येताना डोळे लाल असत, ते धुळीनं. गालावर उशीचा वळ असे, तो टॉवेल घट्ट बांधल्यानं. "दमलात ना? चहा ठेवते," असं बायको म्हणे आणि सर कण्हत खुर्चीत बसत. मग चहाचं झाड किती उंचीवरच्या उतारावर वाढतं, हे तिला समजावून सांगत. आठवडाभर वर्गात घसा फोडणाऱ्या माणसाला तो एक तास म्हणजे जीव की प्राण होता.

अशात सासूबाई मुक्कामाला आल्या. सासूबाई म्हणजे निवृत्त मेट्रन. घरात पाऊल टाकताच त्यांनी फ्रिजच्या डोक्यावरून बोट फिरवलं आणि ते उजेडात धरून पाहिलं.

"जावईबापू, तुमचं फार कौतुक ऐकते मी. येत्या रविवारी फिल्टर कसा साफ करता ते बघायचंय मला."

सर घाईघाईनं म्हणाले, "तुम्हाला धूळ सोसायची नाही हो."

"उभा जन्म हॉस्पिटलात गेला माझा. धुळीचं काय सांगता मला?"

रविवार उजाडला. इतक्या वर्षांची धूळ सासूबाईंच्या डोक्यावर कोसळणार आणि आपलं पितळ उघडं पडणार, याबद्दल सरांना शंका उरली नव्हती. तेव्हा जमेल तितका वेळ काढायचा, असं त्यांनी ठरवलं.

"आधी खोली रिकामी करावी लागते," ते म्हणाले.

"दर रविवारी?" सासूबाईंनी विचारलं.

"पाहुणे असले की."

गादी निघाली, उशा निघाल्या, पडदे निघाले. गादी घरात कुठेच मावेना, म्हणून ती बाहेरच्या पॅसेजमध्ये उभी केली. ती पाहून शेजारीणबाई धावत आल्या. "अगंबाई, घर सोडताय? आणि बोलला नाहीत ते!" खरा प्रकार कळल्यावर त्यांनीही नाकाला ओढणी बांधली आणि त्या बघायला थांबल्या.

"आता मेन स्विच बंद," सर म्हणाले. पॅसेजमधल्या पेटीत हात घालून त्यांनी मोठ्या रुबाबात खटका पाडला. तो शेजाऱ्यांचा निघाला. इलेक्ट्रिक रेझर हातात धरून, अर्धीच दाढी झालेले शेजारी बाहेर आले. भांडायलाच आले होते, पण सगळ्यांच्या तोंडांवर फडकी बघून त्यांचा राग कुठच्या कुठे गेला. खटका वर करायचं कुणालाच सुचलं नाही आणि तेही गर्दीत सामील झाले.

सर स्टुलावर चढले. अभ्यास न करता परीक्षेला बसलेली पोरं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. आज त्या पोरांची त्यांना पहिल्यांदाच दया आली. त्यांनी एसीवर थापा मारल्या, कडा चाचपल्या आणि खालची लांब पट्टी दिसली ती ओढली. कडाक् आवाज झाला आणि पट्टी हातात आली.

"ही आधी काढायची असते," सर वर्गातल्या आवाजात म्हणाले.

"हवा वळवणारी पट्टी ना ती?" अर्ध्या दाढीनं विचारलं.

"तीच."

"पण ती मोडली."

"बघायला माणसं असली की जरा असं होतं."

सासूबाईंनी डोळे बारीक केले. इतक्यात मागून बायकोचा हलका आवाज आला, "अहो, झाकण दोन्ही बाजूंनी धरा आणि वर उचला."

सरांनी उचललं. झाकण उघडलं. त्यांनी डोळे मिटले आणि श्वास रोखला, पण काहीच पडलं नाही. फिल्टर अलगद सरकून हातात आला. तो इतका स्वच्छ होता, की त्याच्या जाळीतून सासूबाईंच्या नाकातली चमकी लखलखीत दिसत होती. सासूबाईंनी त्यावरून बोट फिरवलं आणि उजेडात धरलं. बोट कोरं!

"मानलं बाई जावईबापूंना!"

सरांचा जीव भांड्यात पडला आणि लगोलग छातीही फुगली. हा साफ केला कोणी, असा प्रश्न त्यांना पडला खरा, पण टाळ्या वाजत असताना असले प्रश्न कोण विचारतो?

"पण मी म्हणते," सासूबाई पुढे म्हणाल्या, "एवढा स्वच्छ राहतो तर दर आठवड्याला कशाला जीव काढायचा? महिन्यातून एकदा केलं तरी पुष्कळ झालं."

सरांचे सगळे रविवार डोळ्यांदेखत चालले होते.

"नाही!" कोणीतरी ओरडलं. शेजारीणबाईंची ओढणी नाकावरून घसरली. ओरडली होती सरांची बायको. "दर रविवारीच करायचा! एकही रविवार चुकवायचा नाही!"

सगळे तिच्याकडे बघू लागले. ती लालबुंद झाली. "म्हणजे... हवा किती खराब असते हल्ली."

सरांनी स्टुलावरून बायकोकडे पाहिलं. बायको मोडलेल्या पट्टीकडे पाहत होती. झाकण दोन्ही बाजूंनी उचलायचं, हे हिला कसं ठाऊक? मग सगळंच उलगडलं. सर शाळेत गेले, की सोमवारी ही गुपचूप फिल्टर नळाखाली धरत होती. रविवारी दारापलीकडे सर झोपले, की दाराअलीकडे तासभर कोणीच काही समजावून सांगत नव्हतं. चहाचे उतार नाहीत, वाऱ्यांच्या दिशा नाहीत.

सरांच्या मनाला आधी जरा लागलं. मग बायकोवर असं काही प्रेम दाटून आलं, की ते स्टुलावरच गहिवरले.

"नाहीच चुकवणार," ते म्हणाले. "उलट दीड तास करीन म्हणतो."

"करा ना," बायको म्हणाली आणि गोड हसली.

सासूबाईंनी एकदा जावयाकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. आठवड्यानं निघायची वेळ झाली, तेव्हा त्यांनी लेकीला दारामागे ओढलं.

"काय गं," त्या हळूच म्हणाल्या, "आमच्याकडे नुसता पंखा आहे. त्याला फिल्टर बसवून मिळतो का? रिटायर झाल्यापासून तुझे बाबा दिवसभर घरातच असतात."