रणगाडा दारात अडला त्याची हकीकत

वाचणारांस विज्ञापना ऐसी जे, सदर मोहिमेचा सरलष्कर आणि सदर हकीकत लिहिणारा कारकून एकच असामी. सबब पराक्रम जेथे भारी वाटेल तेथे निम्मा वजा करावा, फजिती मात्र पुरी धरावी.

मोहिमेस कारण जाहले ते ऐसे. सरलष्कर आजोबा यांणी फौजेत बत्तीस साल चाकरी केली, ती कोठारात, शिपायांस पाय मोजून बूट देण्याची. आणि तोफेचा बार ऐकला तो दुरून, तोही कानांत बोटे घालोन. परंतु नात, वय वर्षे नऊ, इणे शाळेत सांगितले की आमचे आजोबा लढाईत रणगाडा चालवीत; आणि हे घरी कळले तेव्हा आजोबांनी नाही म्हणावे, ते न म्हणता मिशीस पीळ दिला. मग बाईंचा हुकूम आला की शाळेच्या प्रदर्शनात आजोबा रणगाड्यासह हजर व्हावे. पीळ तेथेच उतरला.

मग तीन आठवडे आतल्या खोलीत कारखाना चालला, आणि प्लायवूडचे धूड उभे राहिले, आणि त्यास बाबागाडीची चाके व पाइपाची तोफ जडविली, आणि हिरवा रंग निम्मा रणगाड्यास, निम्मा गादीस लागला.

प्रदर्शनाचे दिवशी सकाळी आठास कूच जाहले. आघाडीस सरलष्कर, पिछाडीस शेजारचे शिंपीकाका कुमकेस. रणगाडा दिमाखात खोलीच्या दारापावेतो आला आणि चार बोटांनी अडला. मग सरळ हल्ला केला, मग तिरपा, मग देवाचे नाव घेऊन. चौकटीचे ढलपे उडाले, आणि सरलष्करांचा अंगठा चेंगरला, आणि रणगाडा ऐसा रुतला की पुढे ना मागे, आणि शिंपीकाका आत कोंडले गेले. त्यांस चहा तोफेवरून पोचवावा लागला.

आजीसाहेबांनी स्वयंपाकघरातून फर्माविले, "बत्तीस वर्षं जगाचे पाय मोजलेत, घरचं दार नाही मोजता आलं?" शिंपीकाकाही मापांचेच धनी, सबब तेही आत मान खाली घालोन राहिले.

नात गणवेश घालून उभी. तिचे डोळे भरले. "आजोबा, तुम्ही चालवून काढा ना बाहेर. तुम्हाला येतं ना?"

या एका वाक्यापुढे सरलष्करांनी शस्त्र ठेविले आणि फरशीवर बसकण मारिली. "नाही गं येत. मी बूट द्यायचो."

नातीने बाहीस डोळे टिपले. मग पुसिले, "मापाचे?"

"पाय बघून द्यायचो. एकही जोड परत आला नाही."

"पण मी वर्गात खोटं बोलले, त्याचं काय?"

"ते खोटं माझं. मीच सांगतो."

मग ट्रंकेतून पाय मोजायची लाकडी फळी काढिली आणि दोघे शाळेत दाखल जाहले. चाळीस पोरांसमोर सरलष्करांनी आपला कसूर कबूल केला. याहून मोठी लढाई त्यांणी जन्मात दिली नाही. मागल्या बाकावर हशा पिकला. इतक्यात बाईंनी चप्पल काढून फळीवर पाय ठेविला. सरलष्करांनी दोन्ही पाय पाहून सांगितले, "बाई, तुमचा डावा पाय मोठा आहे. माप त्याचं घेत जा, दुखणार नाही." बाई चकित, कारण दुखत होताच. मग रांग लागली ती पटांगणापावेतो, आणि नातीने मापे वहीत उतरविली.

परतीच्या वाटेवर तीच म्हणाली, "रणगाड्यात तीन-चारच जण बसतात. बूट सगळ्यांना लागतात." सरलष्करांस रस्त्यात चष्मा पुसावा लागला.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. आपलेकडील जखमी अंगठा एक. शत्रूची चौकट जायबंदी. लबाडी एक, बिनशर्त शरण. घरी येऊन पाहतात तो शिंपीकाका अद्याप आतच, रणगाड्यावर पाय सोडून बसलेले. त्यांचेही माप घेतले. सात नंबर भरला. रणगाड्याचा उपयोग जाहला तो इतकाच, सबब नमूद केला असे.